कुंडीचे साहित्य (मुंबई उपनगरे)

कुंडी हे वनस्पती वाढविण्यासाठी वापरले जाणारे, तळाशी निचऱ्याचे छिद्र असलेले पात्र होय. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर यांसारख्या मुंबईच्या उपनगरांत बाग बहुधा सज्जात, खिडकीत किंवा गच्चीवर असते. त्यामुळे कुंडीची निवड करताना निचरा, उष्णता आणि वजन या तिन्ही बाबी पाहाव्या लागतात.

प्रकार
भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते. तिच्या भिंतींतून पाणी झिरपून बाष्पीभवन होते व मुळे थंड राहतात. मात्र उन्हाळ्यात तिला वारंवार पाणी द्यावे लागते. धारावीतील कुंभारवाडा अशा कुंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. प्लास्टिकची कुंडी हलकी व स्वस्त असून ओल धरून ठेवते. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा छिद्रे अपुरी असल्यास तिच्यातील मुळे कुजतात. सततच्या उन्हाने साधे प्लास्टिक ठिसूळ होते. सिमेंटची कुंडी टिकाऊ पण जड असते. नव्या सिमेंटमधील क्षार रोपाला बाधतात, म्हणून ती काही दिवस पाण्यात भिजवून ते पाणी बदलत राहावे. पत्र्याचे डबे उन्हात तापतात आणि दमट हवेत गंजतात. कापडी पिशव्यांत निचरा व मुळांना हवा चांगली मिळते, पण त्या लवकर सुकतात.

वजन
तोंडाशी ३० व तळाशी २० सेंटिमीटर व्यासाच्या, ३० सेंटिमीटर उंच कुंडीत सुमारे १५ लिटर माती मावते. ओली झाल्यावर तिचे वजन २५ किलोच्या आसपास भरते. म्हणजे अशा दहा कुंड्यांचा भार सुमारे २५० किलो होतो. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. अशा इमारतीत सज्जावर किंवा गच्चीवर जड कुंड्या मांडण्यापूर्वी तज्ज्ञ अभियंत्याचा सल्ला घेणे हिताचे. नारळाच्या काथ्याचा भुसा व कंपोस्ट मिसळल्यास भार कमी होतो. कठड्यावर मोकळी ठेवलेली कुंडी वाऱ्याने पडून खालच्या पादचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

आरोग्य
कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा एडीस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारे एक आठवडा लागतो आणि अंडी कोरड्या पृष्ठभागावरही तग धरतात. म्हणून ताटली आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी. पावसाळ्यात ती काढून ठेवणे अधिक चांगले.