क कुठे अडला?

धर्माबादच्या आमच्या घरात वडिलांच्या चार वह्या आहेत. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले वडील मिरचीच्या अडतीचा हिशेब तेलुगूत मांडत आणि मनातलं मराठीत लिहीत. शाई उडत चालली, म्हणून गेल्या पावसाळ्यात त्या टंकित करायला बसलो. संगणक जुना. तो हलका व्हावा म्हणून लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांच्यामधला कारभारी, मी नको वाटलेले भाग गाळून स्वतःच नव्याने तयार केला. सुरुवातीच्या निवडयादीत बाणाच्या कळा चालल्या. पण पासवर्ड मागणारी चौकट आली आणि कळफलक मुका झाला. माउसही. नमलॉकचा दिवासुद्धा लागेना.

नवा कळफलक घ्या, असा सल्ला चार जणांनी दिला. पण निवडयादीत चाललेला कळफलक मेलेला नसतो. तिथे कर्नल अजून आलेलाच नसतो, मदरबोर्डवरचं फर्मवेअर कळा वाचत असतं. बिघाड पुढच्या वाटेवर होता.

ती वाट पाहण्यासारखी आहे. यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमध्ये त्यावर काम केलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. या मानकाच्या कळफलकाला अक्षर ठाऊकच नसतं. अगदी साध्या रीतीत तो आठ बाइटांची चिठ्ठी पाठवतो: पहिल्यात शिफ्ट-कंट्रोलची स्थिती, दुसरा राखीव, उरलेल्या सहांत दाबलेल्या कळांचे क्रमांक. इंग्रजी ‘के’च्या कळीचा क्रमांक १४. कर्नल त्याचा ३७ करतो. पुढे इनस्क्रिप्टची मराठी मांडणी त्यातून २३२५ काढते, आणि युनिकोडमध्ये तोच आपला क. मांडणी तेलुगूची निवडली, तर त्याच कळीतून ३०९३, तेलुगूचा क. भारतीय मानक १३१९४ (१९९१) मधल्या या मांडणीत समान ध्वनी समान कळीवर बसवले आहेत. लेकरांना अक्षराभ्यासासाठी बासरच्या सरस्वतीकडे नेणाऱ्या आमच्या सीमेवरच्या गावाला याहून सोयीचं काय?

पण माझा क कुठे अडला होता? पुतणीच्या लॅपटॉपवरून घरच्या नेटवर्कने यंत्रात शिरलो. एलएसयूएसबी ही आज्ञा दिली, तर कळफलक यादीत हजर. म्हणजे वायर आणि खाच ठीक. त्याच्या नावापुढे चालक म्हणून यूएसबीएचआयडीही दिसत होता. कर्नलने तर त्याला ओळखलं होतं! इथे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी कर्नलच्या नोंदवहीत काय नाही, ते शोधलं. ‘इनपुट’ शब्दाने सुरू होणारी ओळच नव्हती.

चिठ्ठी आणणारा होता, वाचणारा नव्हता. २०१२ पासून लिनक्समध्ये वाचण्याचं काम वेगळ्या मॉड्यूलांकडे आहे. काही विशेष उपकरणांना त्यांचे खास चालक, बाकी साऱ्यांना ‘एचआयडी-जेनेरिक’. जेनेरिक म्हणजे सर्वसाधारण, म्हणून बिनमहत्त्वाचं, असं समजून ते मीच गाळलं होतं. (नाव ठेवणाऱ्यांकडे थोडा दोष जातोच, असं माझं अजूनही मत आहे.)

लॅपटॉपवरूनच ते मॉड्यूल तयार करून चढवलं. नमलॉकची कळ दाबली, दिवा लागला. पहिल्या वहीचं पहिलं पान मिरचीच्या भावांचं आहे, म्हणून आधी तेलुगू मांडणी निवडली.