खासदारकी एकदाच, खटले मात्र कायमचे

डॉ. नारायण भास्कर खरे लोकसभेत गेले ते एकदाच. ग्वाल्हेरहून, हिंदू महासभेच्या तिकिटावर. पण राज्यघटनेच्या अभ्यासकाला त्यांचे नाव आजही टाळता येत नाही.

जन्म १८८४ चा, पनवेलचा. शिक्षण जबलपूर आणि लाहोरला, डॉक्टरकी नागपूरला. १९३७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा खरे त्याचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) झाले. मराठी आणि हिंदी भागांतल्या पुढाऱ्यांचे जमेना. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे आणि रामराव देशमुख हे मंत्री त्यांच्याबरोबर बाहेर पडले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे मंत्री मात्र खुर्ची सोडायला तयार नव्हते. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांनी रातोरात नवे मंत्रिमंडळ उभे केले. त्यात अग्निभोज हे दलित मंत्रीही होते. पक्षश्रेष्ठींना न विचारता गव्हर्नरच्या हातून डाव टाकल्याचा ठपका आला, चार दिवसांत खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि शुक्ल गादीवर आले.

काँग्रेसशी त्यांचे बिनसले ते कायमचे. १९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते आणि दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्यांवर जशास तसे निर्बंध घालण्याचा कायदा त्यांच्याच काळात वापरला गेला. पुढे अलवर संस्थानचे पंतप्रधानपद आले. गांधीहत्येनंतर तेही गेले. मग ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले.

मार्च १९५० च्या अखेरीस दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी हद्दपार केले. खरे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल बहुमताने त्यांच्या विरोधात लागला. पण त्याच निकालात न्यायालयाने एक गोष्ट मान्य केली : नागरिकाच्या हालचालींवरचा निर्बंध वाजवी आहे की नाही हे पाहताना निर्बंधाबरोबरच तो घालण्याची कार्यपद्धतीही तपासायची. अटकाव झालेल्या पुढच्या अनेकांना हे तत्त्व उपयोगी पडले.

१९५२ मध्ये वि. घ. देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर अशा दोन जागांवर निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेर सोडले आणि पोटनिवडणुकीत खरे आले. सार्वत्रिक निवडणुकीत महासभेच्या पदरी सगळ्या मिळून चारच जागा पडल्या होत्या. हिंदू विवाह आणि वारसा कायदे याच लोकसभेत मंजूर झाले. महासभेचा विरोध होता, पण एवढ्याशा संख्याबळावर कायदा अडत नाही. सनातनी विरोधकाची सभागृहातली ताकद तेवढीच होती.

१९५७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवेळी पंजाब, हिमाचलातील काही मतदारसंघांत मतदान व्हायचे होते. मतदारमंडळ अपुरे असताना राष्ट्रपती कसा निवडता, असा सवाल खऱ्यांनी न्यायालयात केला. निवडणूक पार पडल्याशिवाय वाद ऐकता येत नाही, असे उत्तर मिळाले. निवडणुकीनंतर ते पुन्हा गेले. तेव्हा नियम आडवा आला : असा अर्ज उमेदवारानेच करावा किंवा किमान दहा मतदारांनी. मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला, म्हणून सरकारलाच हालचाल करावी लागली. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने कलम ७१ मध्ये वाढ झाली : मतदारमंडळातील जागा रिकामी होती एवढ्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडीला आव्हान देता येणार नाही.

खऱ्यांचे राजकारण पटो न पटो, एवढे मान्य करावे लागते : लोकसभेतल्या त्यांच्या मतामुळे एकही कायदा बदलला नाही, पण न्यायालयातल्या हरलेल्या अर्जाने घटनेत एक पोटकलम वाढवले.