पडदा रुंद, खिसा अरुंद!

अप्रेझल झालं, बोनस आला. आता काय? गोवा गेल्या वर्षी झाला, मोबाइल अजून धडधाकट आहे. मग नजर जाते ती ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटरवर! दिवसा एका बाजूला एक्सेल, दुसऱ्या बाजूला मेल. रात्री त्याच पडद्यावर ‘सायबरपंक २०७७’मधलं शहर या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेलं. एकदम खल्लास! पण मॉनिटर घरी येतो, जुन्या कॉम्प्युटरला जोडला जातो आणि गेम बैलगाडीच्या चालीने चालायला लागतो. मग लक्षात येतं, की मोठा खर्च पडद्याचा नव्हताच. तो आहे ग्राफिक्स कार्डचा.

नोकरी खराडीच्या आयटी पार्कमध्ये आणि घर न्हावऱ्यात, अशांना तर हा हिशेब जास्तच जपून करावा लागतो. शिरूर तालुक्यातलं हे घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. कार्ड चुकलं, तर ते बदलायला पुन्हा नगर रोडच्या ट्रॅफिकमधून पुणं गाठा! शिवाय घरचा प्रश्न तयारच असतो, ‘अरे, एवढ्यात एक म्हैस आली असती की!’ गंमत म्हणजे, २०१२ मध्ये ज्या कंपनीने २१:९ आकाराचा मॉनिटर आणून ही फॅशन सुरू केली, त्या एलजीचा कारखाना २००४ पासून जवळच्याच रांजणगाव एमआयडीसीत आहे. पडदा ओळखीचा आहे, आता कार्डाशी ओळख करून घेऊ.

आधी पिक्सेल मोजा

कार्डाचं काम सोपं आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ-सत्तर वेळा रंगवायचा. ठिपके जितके जास्त, तितकी त्याची दमछाक. साध्या फुल एचडी पडद्यावर असतात सुमारे २१ लाख पिक्सेल. २९ इंची, २५६०×१०८० अल्ट्रावाइडवर २८ लाख. ३४ इंची, ३४४०×१४४० पडद्यावर तब्बल ५० लाख! म्हणजे फुल एचडीच्या जवळपास अडीच पट. ४के पडद्यावर मात्र ८३ लाख असतात. त्यामुळे ‘अल्ट्रावाइड घेताय ना, मग ४केवालंच कार्ड लागेल’ असं कुणी म्हणालं, तर मान डोलावू नका.

पाऊण पटीचा फॉर्म्युला

कार्डांचे रिव्ह्यू बहुतेक वेळा १०८०पी, १४४०पी आणि ४केवर केलेले असतात. अल्ट्रावाइडचा आकडा सापडतच नाही. टेन्शन घेऊ नका! १४४०पीवर जितके फ्रेम्स मिळतात, त्याला पाऊणने गुणा. ८० मिळत असतील तर ३४४०×१४४०वर साधारण ६० मिळतील. फुल एचडीवरून २५६०×१०८०चा अंदाज घ्यायलाही हाच पाऊण पट चालतो. आकडा तंतोतंत येणार नाही, पण सेल्समनच्या अंदाजापेक्षा नक्कीच भरवशाचा.

आता स्वतःला विचारा, आपण खेळतो काय? गोष्टीचे गेम्स असतील तर ६० फ्रेम्स मस्त. धडाधड शूटिंग असेल आणि मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल, तर शंभरच्या पुढे जावं लागेल.

कोणतं घ्यावं, राव?

२०२५ मध्ये आलेल्या पिढीचं बोलू. २५६०×१०८० पडद्याला आरटीएक्स ५०६० टीआय किंवा आरएक्स ९०६० एक्सटी पुरून उरतं. पण सावधान! ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत येतात आणि नाव तेच असतं. खोक्यावरचा जीबीचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

३४४०×१४४०साठी आरटीएक्स ५०७० (१२ जीबी) किंवा आरएक्स ९०७० (१६ जीबी) हा मधला, शहाणा मार्ग. नव्या गेम्सना या पडद्यावर ८ जीबी अपुरे पडतात. फ्रेम्सचा आकडा चांगला दिसत असतानाच मध्येच गचके बसायला लागतात. १४४ हर्ट्झ आणि रे ट्रेसिंग दोन्ही हवं असेल, तरच आरटीएक्स ५०७० टीआय किंवा आरएक्स ९०७० एक्सटीकडे वळा.

खिसा हलका असेल तर डीएलएसएस आणि एफएसआर मदतीला आहेतच. ३४४०×१४४०वर यांचा ‘क्वालिटी’ मोड लावला, की कार्ड प्रत्यक्षात २२९३×९६०चंच चित्र काढतं, म्हणजे २२ लाख पिक्सेल. बाकीचं हुशारीने भरलं जातं. थोडक्यात, ओझं फुल एचडीइतकं आणि मजा अल्ट्रावाइडची!

विजेचं काय?

कार्ड निवडताना सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा. आरटीएक्स ५०७० एकटं २५० वॅट खातं. प्रोसेसर आणि मॉनिटर धरून चारशे-साडेचारशे वॅट झालेच. घरात जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो साधारण ३६० वॅटच देतो. ऐन बॉस फाइटमध्ये लाइट गेली, की यूपीएससकट सगळं बंद! गावाकडच्या खाली-वर होणाऱ्या व्होल्टेजमध्ये ११०० व्हीएच्या आसपासचा यूपीएस आणि नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, हा खर्च कार्डाच्या बजेटमध्येच धरा.

रोज तीन तास खेळलात तर महिन्याला साधारण ४० युनिट वाढतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, हे बाबांच्या आधी तुमच्या लक्षात आलेलं बरं!

पैसे देण्याआधी

• आवडता गेम २१:९ चालवतो का, ते बघा. २०२२चा ‘एल्डन रिंग’ दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दाखवतो आणि ६० फ्रेम्सवर थांबतो. त्या एका गेमसाठी महागडं कार्ड घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

• कॅबिनेटमध्ये टेप लावून लांबी मोजा. तीन पंख्यांची कार्डं ३० सेंटिमीटरच्याही पुढे जातात.

• केबल डिस्प्लेपोर्टची वापरा आणि ती कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही.

• ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत ३० हजार असेल, तर थेट तीन हजारांचा फरक! हे वाचलेले पैसे यूपीएसला कामी येतील.

• ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागू शकतो. रोख भावाशी तुलना करूनच सही करा.

दुकानदार सगळ्यात महाग कार्ड पुढे करणार, मित्र त्याच्याकडचंच कार्ड भारी म्हणणार. तुम्ही फक्त तीन आकडे लिहून न्या: पडद्याचे पिक्सेल, हवे असलेले फ्रेम्स आणि यूपीएसचे वॅट. या तिन्हींत बसणाऱ्या कार्डांपैकी सगळ्यात स्वस्त, तेच तुमचं कार्ड. उरलेल्या पैशांत आईला काहीतरी घेऊन जा. म्हशीचा विषय निदान दिवाळीपर्यंत तरी निघणार नाही!