चाकांवरचे घर घाटात

चाकांवर चालणारे घर तुम्ही पाहिले आहे का? युरोपात अशी घरे रस्त्यावर नेहमी दिसतात. त्यांना ‘कॅम्पर व्हॅन’ म्हणतात. या गाडीत झोपायला गादी, स्वयंपाकाला गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि लहानसे कपाट असते. सुट्टी लागली की आईवडील व मुले या गाडीत बसून प्रवासाला निघतात. परवानगी असेल तिथे ते मुक्काम करतात.

अशा प्रवाशांना आल्प्स पर्वतातील घाट फार आवडतात. इटलीच्या उत्तरेला, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीजवळ, ‘स्टेल्व्हिओ’ नावाची खिंड आहे. तिची उंची २,७५७ मीटर आहे. तेथील रस्ता १८२० ते १८२५ या काळात कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने बांधला. हिवाळ्यात बर्फामुळे हा घाट बंद असतो. उन्हाळ्यात तो उघडला की एका बाजूला खोल दरी आणि समोर ऑर्टलर हे बर्फाचे शिखर दिसते.

प्रातो या गावापासून खिंड सुमारे २४ किलोमीटर दूर आहे. तेवढ्या अंतरात रस्ता सुमारे १,८०० मीटर वर चढतो. रस्ता सरळ वर नेला असता, तर चढण फारच कठीण झाली असती. म्हणून तो वळणे घेत नेला आहे. त्यामुळे रस्ता लांबतो, पण चढण सोपी होते. या बाजूला केसांत लावायच्या आकड्यासारखी ४८ वळणे आहेत. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक लिहिलेला आहे.

वर जावे तशी हवा विरळ होते. समुद्रकिनारी पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते; खिंडीत ते सुमारे ९१ अंशालाच उकळते. म्हणून व्हॅनमध्ये भात शिजायला जास्त वेळ लागतो. खाऊची बंद पाकिटेही फुगतात!

परंतु चालकाची खरी परीक्षा उतारावर होते. सामानाने भरलेल्या मोठ्या व्हॅनचे वजन तीन-साडेतीन टन असू शकते. उतारावर हे वजनच गाडीला खाली ओढते. चालक सतत ब्रेक दाबून राहिला, तर घर्षणाने ब्रेक अतिशय तापतात. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. मग पाय कितीही जोराने दाबला, तरी गाडी वेळेवर थांबत नाही.

यावर उपाय सोपा आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच गाडी खालच्या गियरमध्ये घालावी. मग इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. वळण येण्यापूर्वी ब्रेक दाबून वेग कमी करावा आणि लगेच ब्रेक सोडावा. जळका वास आला, तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक थंड होऊ द्यावेत. पेट्रोल किंवा डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये मुळीच सोडू नये.

“ज्या गियरमध्ये चढाल, त्याच गियरमध्ये उतरा,” असे जुने चालक सांगतात. आल्प्समधील व्हॅन असो की आपल्या बोरघाटातील ट्रक, नियम एकच आहे. पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल. पण गाडीतील सर्व माणसे सुखरूप खाली पोहोचली पाहिजेत.

शब्दार्थ : खिंड – दोन डोंगरांमधील वाट. चढण – वर चढत जाणारा रस्ता. विरळ – दाट नसलेली. घर्षण – एकमेकांवर घासणे. सुखरूप – सुरक्षित.

स्वाध्याय
१. घाटातील रस्त्याला वळणे का असतात?
२. खिंडीत भात शिजायला जास्त वेळ का लागतो?
३. उतारावर सतत ब्रेक दाबल्यास काय होते?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : चढण, थंड, सोपा.