जास्वंद आणि इंदूरचे खत

परसातली जास्वंद ही भेंडी-कापसाच्या कुळातली, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. नात्याचा जाचही असतो. 2005 नंतर काही वर्षे पंजाब-गुजरातेतील कापसाला छळणारा पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही पोसतो आणि तिथून भेंडीवर जातो. शेंड्याला पांढरा पिठासारखा थर आणि मुंग्यांची रांग दिसताच फांदी छाटून जाळावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. मुंग्या गोड चिकट्यासाठी या किडीची राखण करतात.

लागवड सोपी. पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी लावावी. इंदूरच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून जागा उंचवट्याची हवी. फुले नव्या फुटीवर येतात. छाटणीला भिऊ नये.

खत विकत कशाला? अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदुरातच पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुताची माती आणि राख यांचे थर रचून, ढीग वरखाली करीत, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. परसातला पाला पेटवणाऱ्यांना हे कोणी सांगावे! कीड लागलेली फांदी मात्र या ढिगात घालू नये.