उंदरांचा माग काढत घरात

दक्षिण आफ्रिकेतल्या शेतघरांत, गोठ्यांत, धान्याच्या कोठारांत रात्री वावरणाऱ्या या तपकिरी सापाला तिथे ‘ब्राउन हाउस स्नेक’ म्हणतात. शास्त्रीय नाव बोएडॉन केपेन्सिस. द्यूमेरिल पितापुत्र आणि बिब्राँ या प्राणिशास्त्रज्ञांच्या नावे १८५४ मध्ये त्याची नोंद झाली. गंमत म्हणजे तेव्हा बिब्राँ हयात नव्हते, १८४८ मध्येच ते वारले होते.

ओळखायची खूण डोक्यावर: नाकाडापासून डोळ्याला लागून मागे जाणाऱ्या फिकट रेषा, प्रत्येक बाजूला दोन. बाहुली उभी, रात्रीच्या शिकाऱ्याला शोभेलशी.

विष नाही. झडप घालायची, विळखा आवळायचा आणि भक्ष्य बहुधा डोक्याकडून गिळायचे. उंदीर आवडते, पण पाली, पक्षी, वटवाघळेही चालतात. पिल्ले मुख्यतः पाली-सरड्यांवर वाढतात. हाताळल्यास मोठा साप चावतोही. जखम होते, विषबाधा नाही.

माद्या नरांपेक्षा बऱ्याच मोठ्या, कधी मीटरभराहून लांब. मोठ्या देहात अंडी जास्त मावतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. एका खेपेस साधारण ८ ते १८ अंडी, आणि खाणे मुबलक असेल तर एकाच हंगामात पुन्हा एक खेप. दोन-तीन महिन्यांत वीतभर पिल्ले बाहेर पडतात.

आपल्याकडचा कवड्या सापही पालींच्या मागे असाच घरात येतो, आणि मण्यार समजून मारला जातो. आफ्रिकेतल्या या उंदीरमाऱ्यालाही विषारी समजून काठी बसतेच.