ट्रॅक्टरचे हेड गॅस्केट घरी बदलताना : आधी कारण शोधा, मग हेड बसवा

मे महिन्यात रोटाव्हेटर जोरात चालू असतो. ट्रॅक्टर तासन् तास लोडवर असतो, बाहेर ऊन, आणि रेडिएटरच्या जाळीत भुसकट बसलेले. अशा वेळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ येऊ लागते, रेडिएटरमध्ये रोज पाणी टाकावे लागते आणि एक दिवस काटा लाल पट्टीत जातो. मेकॅनिक बघतो आणि सांगतो, "गॅस्केट उडालं." पेरणी तोंडावर आलेली असते आणि त्याच्याकडे आधीच चार ट्रॅक्टर उभे असतात. मग हे काम आपल्याच शेडमध्ये करता येईल का, असा विचार मनात येतो.

करता येते. पान्यांची सवय असलेले दोघे जण सवडीने हे काम नीट करू शकतात. मात्र नवे गॅस्केट बसवले म्हणजे दुरुस्ती झाली, असे समजू नये. एकाच हंगामात दोनदा गॅस्केट बदललेले ट्रॅक्टर गावोगाव दिसतात. त्यातल्या बहुतेकांमध्ये गॅस्केटचा काही दोष नसतो. इंजिन ज्या कारणाने तापले ते कारण तसेच राहिलेले असते, किंवा वाकलेले हेड न मोजता परत चढवलेले असते.

गॅस्केट काय काम करते

इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये हे पातळ पान दाबून बसवलेले असते. सिलिंडरमधला दाब, भोवतीचे पाणी आणि वर जाणारे ऑइल या तिन्ही गोष्टी एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. डिझेल इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते, त्यामुळे पेट्रोल इंजिनापेक्षा या पानावर ताण जास्त येतो. इंजिन अति तापले की हेड फुगते, थोडे वाकते, आणि दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीत किंवा पाण्याच्या छिद्राशेजारी गॅस्केट जळते.

खरोखर गॅस्केटच गेले आहे का?

हेड उतरवण्यापूर्वी एक सकाळ तपासणीला द्यावी. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाणी काठोकाठ भरावे आणि इंजिन सुरू करावे. सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा असते. पण रेस वाढवल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, पाणी उसळून बाहेर येत असेल, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर वरचा होज पाईप मिनिट-दोन मिनिटांतच दगडासारखा कडक झाला, तर तीही त्याचीच खूण.

ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ, चहासारखे झाले असेल तर त्यात पाणी गेले आहे. येथे घाई करू नये. अनेक ट्रॅक्टरांत 'वेट लायनर' असतात, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी खेळते आणि खाली रबरी रिंगा ते पाणी अडवतात. या रिंगा गेल्या तरी पाणी चेंबरमध्येच उतरते. बाहेर कुठे गळती नाही, बुडबुडे येत नाहीत, इंजिन तापतही नाही आणि तरी ऑइल दुधाळ होते, असे असेल तर आधी खालचा ऑइल चेंबर उतरवून लायनरच्या बुडाशी पाणी झिरपते का ते पाहावे. झिरपत असेल तर काम लायनरचे आहे, आणि ते अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे. पाणी मिसळलेल्या ऑइलवर मात्र "आजचा दिवस काढू" म्हणून इंजिन चालवू नका. बेअरिंग गेली की खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर हात लावू नये. कॉमन रेल इंजेक्शन असलेल्या नव्या मॉडेललाही घरी हेडपर्यंत जाऊ नये. घरच्या कारचे किंवा पिकअपचे गणितही वेगळे आहे. तिथे बहुधा हेड ॲल्युमिनियमचे आणि कॅमशाफ्ट हेडवर असते, त्यामुळे टायमिंगचा बेल्ट किंवा चेन सोडावी लागते. ती एक दात चुकली तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात. जुन्या घडणीच्या ट्रॅक्टर इंजिनात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असते, पुश रॉड उचलले की टायमिंगला धक्का न लागता हेड मोकळे होते. हे काम शेडमध्ये जमते ते यामुळेच.

हेड उतरवताना

इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. गरम इंजिनाचे हेड सोडले तर ते वाकू शकते. बॅटरीची तार काढावी. पाणी बादलीत किंवा टबात काढावे, अंगणात सोडू नये. कुलंट चवीला गोडसर आणि विषारी असते. जनावराने किंवा कुत्र्याने चाटले तर जिवावर बेतते.

मग वरचा बोनेट, होज, एअर क्लीनरचा पाईप, मेनिफोल्ड, डिझेलचे पाईप आणि नोझल काढावेत. डिझेल पाईपची उघडी तोंडे लगेच स्वच्छ कापडाने किंवा टोप्यांनी झाकावीत. धुळीचा कण नोझलमध्ये गेला तर नवेच दुखणे सुरू होते. रॉकर आणि पुश रॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवावेत. खोक्याच्या पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात पुश रॉड खोचून ठेवणे हा सर्वात सोपा उपाय.

हेडचे बोल्ट बाहेरच्या कडेपासून मध्याकडे, एकेक थोडा सैल करत दोन-तीन फेऱ्यांत काढावेत. हेड चिकटलेले असेल तर मध्ये पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, पृष्ठभागावर चर पडतो. लाकडी ठोकळ्याने कडेला हलके ठोकावे. बिडाचे हेड वजनदार असते. दोघांनी सरळ वर उचलावे आणि लाकडी फळीवर ठेवावे.

एक चूक इथे हमखास होते. हेड निघाल्यावर पिस्टन पाहण्यासाठी इंजिन हाताने फिरवले जाते. वेट लायनर असतील तर पिस्टनबरोबर लायनर किंचित वर सरकतात आणि खालच्या रबरी रिंगा दुखावतात. फिरवायचेच असेल तर आधी बोल्ट आणि जाड वायसरने लायनर दाबून धरावेत.

मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये

जुने गॅस्केट फेकू नका, ते नीट पाहा. जिथे काळी पट्टी पडली आहे तिथून गॅस जात होता. त्याच्या वर-खाली हेडवर आणि ब्लॉकवर खूण करून ठेवा. तपासणी करताना तीच जागा आधी पाहायची.

दोन्ही पृष्ठभाग बोथट पात्याने आणि कापडाने स्वच्छ करावेत. खरखरीत एमरी किंवा ग्राइंडर ब्लॉकवर चालवू नये. त्याची धूळ लायनरमध्ये आणि ऑइलच्या छिद्रांत जाते. छिद्रांत आधीच कापडाचे बोळे घालून ठेवावेत, आणि नंतर मोजून काढावेत.

आता सरळ धारेची पक्की पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून तिच्याखाली फीलर गेजचे पाते जाते का ते पाहावे. बहुतेक इंजिनांत ०.१ मिमीच्या आसपासचा वाकही जास्त धरला जातो. नेमकी मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तकात असते आणि तीच मानावी. घरातली लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी या मोजमापाला चालत नाही.

इंजिन एकदा जरी लाल पट्टीत गेले असेल, तरी हेड तालुक्याच्या मशीन शॉपमध्ये नेऊनच तपासावे असे माझे स्पष्ट मत आहे. दोन व्हॉल्व्हच्या मधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, दाबाच्या चाचणीत दिसते. फेसिंग करायचे असेल तर किती जाडी निघाली ते विचारून घ्या. जास्त घासले तर व्हॉल्व्ह आणि नोझल पिस्टनच्या नको तितके जवळ येतात.

ब्लॉकच्या बाजूने लायनरची उंची पाहावी. लायनरची कड ब्लॉकच्या वर शतांश मिलिमीटरमध्ये उठलेली असावी लागते, तरच गॅस्केट तिथे घट्ट दाबले जाते. एखादा लायनर शेजारच्यापेक्षा खाली बसला असेल तर कितीही भारी गॅस्केट आणा, ते तिथेच पुन्हा जळेल.

हेड मशीन शॉपमध्ये आहे तोवर

हा मोकळा दिवस रेडिएटरसाठी वापरावा. जाळीत इंजिनाच्या बाजूने पाण्याचा साधा फवारा मारून भुसकट आणि कुसळे पुढे ढकलून काढावीत. जोरदार प्रेशरने पंख वाकतात. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे टाकले असेल तर आतल्या नळ्यांत क्षारांचा थर बसलेला असतो. वरून स्वच्छ दिसणारा रेडिएटर आतून अर्धा बंद असू शकतो, म्हणून तो रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्यावा. फॅन बेल्ट सैल आहे का, वॉटर पंपाच्या छिद्रातून थेंब येतात का, झाकणाचे रबर आणि स्प्रिंग ठीक आहे का, हे पाहावे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. "नकोच ती भानगड" म्हणून मेकॅनिकच काढून देतात. त्याने तापण्याचे मूळ कारण जात नाही, उलट इंजिन योग्य तापमानावर यायला वेळ लागतो, डिझेल जास्त जाते आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात. जुना थर्मोस्टॅट भांड्यातल्या गरम पाण्यात टाकून उघडतो का पाहा. उघडत नसेल तर नवा बसवा.

बसवताना

गॅस्केट मॉडेल क्रमांक सांगूनच घ्यावे. त्यावरची वरच्या बाजूची खूण हेडकडे ठेवावी आणि सर्व छिद्रे ब्लॉकशी जुळतात का ते पाहावे. ग्रीस, शेलॅक किंवा बॉन्ड लावण्याची सवय सोडावी. कंपनीने सांगितले नसेल तर पृष्ठभाग कोरडा आणि स्वच्छ हवा.

बोल्टची भोके साफ करावीत. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिले तर बोल्ट आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो. आट्यांना ऑइलचा फक्त हात लावावा. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्यावेत.

आवळणी मध्यापासून बाहेर, गोल फिरत, निदान तीन टप्प्यांत करावी, आणि टॉर्क पान्यानेच. पान्याला पाईप लावून हाताच्या अंदाजाने आवळलेले हेड एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी बसते. टॉर्क पाना भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मिळू शकतो. आकडा मात्र दुसऱ्या मॉडेलच्या व्हिडिओवरून घेऊ नये.

त्यानंतर टॅपेट सेट करावेत, नोझलखाली नवे तांब्याचे वायसर घालावेत, ऑइल आणि फिल्टर बदलावेत. जुने ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका.

पाण्याऐवजी ट्रॅक्टर कंपनीने सांगितलेले कुलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरावे. ते फक्त गारव्यासाठी नसते. वेट लायनरच्या बाहेरच्या अंगाला पडणारे बारीक खड्डे आणि गंजही ते रोखते.

पहिल्यांदा सुरू करताना

डिझेल लाईनमधली हवा काढावी. नोझलच्या उडत्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, तो कातडीत घुसतो. स्टॉप ओढून काही सेकंद स्टार्टर मारला की ऑइल वर चढते. मग इंजिन सुरू करून लोड न देता तापू द्यावे, गळती पाहावी, थंड झाल्यावर पाणी पुन्हा भरावे. काही गॅस्केटना पहिल्या तापण्यानंतर पुन्हा आवळणी लागते, काहींना ती करायचीच नसते. त्यासाठी पुस्तक पाहावे. पुन्हा आवळणी केली असेल तर टॅपेटही पुन्हा तपासावेत. पहिले दोन-तीन दिवस हलके काम द्यावे, थेट नांगरटीला जुंपू नये.

या दिवसांत केवळ काट्यावर विसंबू नका. पाणी बरेच कमी झाले की सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चालू कामात काटा अचानक खाली आला किंवा इंजिनाचा वास बदलला, तर पीटीओचे काम थांबवून इंजिन बंद करावे, झाकणाला हात न लावता ते थंड होऊ द्यावे. गरम हेडवर गार पाणी ओतले तर बीड तडकते, आणि मग गॅस्केट नाही, हेडच बदलावे लागते.